महालक्ष्म्यांपुढे कॉम्प्युटरवर चालणारी दिव्यांची सीरीज : लाल-पिवळे पेटतात, हिरवे-निळे मेले?

रामबागवाला
नमस्कार मंडळी, मी इंदूरहून. पोस्ट जरा लांब झालीये, सांभाळून घ्या.

आमच्याकडे महालक्ष्म्या हॉलच्या ज्या कोपऱ्यात बसतात तिथेच माझा डेस्कटॉप आहे आणि त्या भिंतीला प्लग एकच. आजीला भिंतीच्या करंटवरची सीरीज नकोच आहे, मागे एकदा फुलांवर पाणी शिंपडताना तिला चांगला झटका बसला होता, तेव्हापासून ती सीरीज माळ्यावर पडलीये. म्हणलं चला यावर्षी कॉम्प्युटरच्या यूएसबीवर चालणारी घरीच करू, ५ व्होल्ट, ओला हात लागला तरी काही नाही. आजीची अट एकच, दिवे सोळाच्या पटीत पाहिजेत. सोळा भाज्या, सोळा गाठींचा दोरा, मग दिवे पण तसेच. म्हणून ४८.

महाराणी रोडवरून ५ एमएमचे एलईडी आणले, लाल पिवळे हिरवे निळे १२-१२. जुन्या यूएसबी केबलचं टोक कापलं, लाल वायर प्लस, काळी मायनस, हिरवी-पांढरी टेप मारून बाजूला ठेवली. सगळ्यांचे लांब पाय एका वायरला, आखूड पाय दुसऱ्या वायरला, आणि सुरुवातीला एकच रेझिस्टर (करंट आवरणारा), १० ओहमचा, कारण घरात तोच होता. दोन संध्याकाळी गेल्या सोल्डरिंगमध्ये, एक बोट भाजलं.

लावलं तर लाल मस्त, पिवळे जेमतेम, आणि हिरवे-निळे सगळेच्या सगळे बंद. २४ चे २४. वर तो रेझिस्टर असा तापला की हात लावला तर चटका, वास पण आला. मी सरळ दुकानात जाऊन भांडलो की भिया माल खराब दिला. त्याने खिशातून घड्याळातला तो चपटा गोल सेल काढला, माझ्या पिशवीतले चार हिरवे एकेक करून त्याला लावून दाखवले, चारही पेटले. "भिया, माल तो ठीक है, आप घर जाके देखो क्या जोड़ा है." चार लोकांसमोर तोंड पडलं माझं.

सेलवर पेटतात, माळेत पेटत नाहीत. का?? परवा आवाहन आहे.

टोमणेपंडित
पाच व्होल्टचा मोबाईल चार्जर मिळतो हो बाजारात. पुण्यात तरी मिळतो.
बाकी सीरीज म्हणताय आणि जोडलीत पॅरलल, हे पण एक इंदूरी वैशिष्ट्य का?

रामबागवाला
पंडितजी इथे माळेला सीरीजच म्हणतात, कशीही जोडलेली असो. आणि प्लग एकच आहे हे लिहिलंय वर, आरती पण त्याच कॉम्प्युटरवर लागते.

भियाजी_५६
अरे सोप्पं आहे, १० ओहमचा काढ आणि १ ओहमचा लाव, करंट कमी पडतोय म्हणून बाकीचे पेटत नाहीयेत. मी असंच करतो.

रामबागवाला
भियाजी तुमचं ऐकलं आणि वाट लागली. १ ओहम लावला, क्षणभर लाल असे भडकले की डोळे दिपले, दोन तर काळेच पडले, मग स्क्रीनवर आलं की यूएसबी पोर्टवर पॉवर सर्ज, आणि माळ, माउस, कीबोर्ड सगळं बंद. आईला कळलं तर मला महालक्ष्म्यांसोबतच विसर्जित करेल. पोर्ट गेला का?

जुना_सोल्डर
बाळा, आधी माळ काढ, कॉम्प्युटर पूर्ण बंद कर, मागचा स्विच पण, आणि दहा-पंधरा मिनिटं चहा घे. बहुतेक बोर्डांवर यूएसबीपाशी एक पॉलिफ्यूज असतो, जास्त करंट गेला की तो तापतो आणि रस्ता अडवतो, गार झाला की परत मोकळा करतो. माउस-कीबोर्ड त्याच फ्यूजवर असतील म्हणून सोबत गेले. पोर्ट बहुधा वाचला असेल.

आता तुझे "मेलेले" एलईडी. ते मेले नाहीत, त्यांना लाल उपाशी ठेवतायत. लाल एलईडी साधारण २ व्होल्टला पेटतो, पिवळा किंचित वर. हल्लीचा हिरवा आणि निळा ३ च्या वर, ३.२ धर. तू सगळे एकाच दोन वायरींवर बांधलेस आणि सगळ्यांच्या आधी एकच रेझिस्टर. मग काय होतं, व्होल्टेज वाढत वाढत २ पाशी आलं की लाल पेटतात आणि करंट ओढायला लागतात, त्या वायरींवर व्होल्टेज तिथेच अडकतं. ३.२ पर्यंत ते कधी पोचतच नाही. निळ्याच्या पानात काही पडायच्या आतच पंगत उठते.

हिशेब कर. ५ वजा २, उरले ३ व्होल्ट तुझ्या १० ओहमवर. म्हणजे ३०० मिलीअँप, जवळपास १ वॅट, आणि तो बिचारा पाव वॅटचा. तापणार नाही तर काय. १ ओहम लावणं म्हणजे तर धरणाचं दार उघडणं झालं. भियाजी, तुम्ही "असंच करतो" म्हणता ते फक्त निळ्या-पांढऱ्या माळेत चालून जात असेल, मिसळ रंगात नाही. आणि तिथेही करू नका.

सेलवर का पेटला? तिथे तो एकटा होता, सेल ३ व्होल्टचा, थोड्या करंटवर पेटायला तेवढे पुरतात, आणि असा चपटा सेल फार करंट देऊच शकत नाही, रेझिस्टर त्याच्या पोटातच असल्यासारखा.

रामबागवाला
काका दंडवत! पोर्ट खरंच परत चालू झाला, माउस पण. पण एक सांगा, बाबांच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वहीत हिरव्याला २.२ व्होल्ट लिहिलंय, त्यावरून मी धरून चाललो की लाल-हिरवे सारखेच.

जुना_सोल्डर
वही चूक नाही, जुनी आहे. तेव्हाचा हिरवा पोपटी असायचा, मंद, वेगळ्या पदार्थाचा, तो २ च्या आसपासच पेटायचा. आताचा गडद झगझगीत हिरवा निळ्याच्या घराण्यातला आहे, गॅलियम नायट्राइडवाला. लाल एलईडी १९६२ पासून होता पण नीट उजेडाचा निळा यायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीला बसायचो तेव्हा निळा इंडिकेटर म्हणजे बल्बावर निळं प्लॅस्टिक.

मालवणकाठी
मी माळव्यातली, कोकणातली नाही, नाव मुलीने ठेवून दिलंय. काका मला इतकंच सांगा की प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर लावायचा का? ४८ रेझिस्टर? आमच्याकडे मी दरवर्षी तयार माळच कमळात खुपसते.

जुना_सोल्डर
हो ताई, ४८. शंभराचं पाकीट किरकोळीत येतं. रंगाप्रमाणे वेगळे मात्र घ्यायचे.

बाळा, तुला लिहून देतो. पुस्तकात एलईडीला २० मिलीअँप लिहितात, पण ४८ गुणिले २० म्हणजे ९६० झाले. साधा यूएसबी २ चा पोर्ट ५०० चा असतो, निळ्या जिभेचा यूएसबी ३ असेल तर ९००. दोन्हीत बसत नाही. म्हणून आपण १० वर चालवू. डोळ्याला अर्धा उजेड दिसेल असं नाही हं, करंट अर्धा केला तरी फरक जेमतेम जाणवतो, आणि संध्याकाळी समईच्या उजेडात तर १० पण भरपूर.

लाल-पिवळ्याला ३३० ओहम, पट्टे नारिंगी नारिंगी तपकिरी. उरलेले ३ व्होल्ट भागिले ३३०, म्हणजे ९ मिलीअँप. हिरव्या-निळ्याला १८०, तपकिरी करडा तपकिरी. तिथे उरतात फक्त १.८ व्होल्ट, म्हणजे १० मिलीअँप. चोवीस नव्वं दोनशे सोळा, चोवीस दाही दोनशे चाळीस, सगळे मिळून ४५६. बसलं ५०० मध्ये. आजीबाईंनी ६४ सांगितले असते तर नसते बसले.

प्रत्येक रेझिस्टर एलईडीच्या लांब पायाला, त्यावर स्लीव्ह (प्लॅस्टिकची नळी). सोल्डर करताना पाय चिमट्याने धर, बोटाने नको, तसा अनुभव घेतलायस म्हणा.

लष्करकर
ग्वाल्हेरहून राम राम. काका बरोबर आहेत पण मी म्हणतो पोर्टवर इतका जीव कशाला टांगायचा, जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला करंट पुरवणारा डबा) घ्या ना. कबाडात कोणाकडे पण पडलेला असतो. तो २४ पिनांचा मोठा कनेक्टर बघा, त्यात हिरवी वायर एकच असते, ती कुठल्याही काळ्या वायरीशी जोडली की एसएमपीएस चालू, कॉम्प्युटर लागतच नाही. लाल वायर ५ व्होल्ट, पिवळी १२, नारिंगी ३.३. लालवर १०-१५ अँपियर आरामात, ४८ काय ४८० लावा. आमच्या गल्लीच्या गणपतीला तीन वर्षं हेच चालू आहे, १२ व्होल्टवर तीन-तीन निळे एकामागे एक सीरीजमध्ये (पंडितजी, खरी सीरीज) आणि मागे एक १२० ओहम, बस. तीन ३.२ चे ९.६ झाले, उरले २.४, म्हणजे बरोबर २०.

फक्त डबा उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरवर ३२० च्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावर पण ते काही वेळ टिकतात. आणि काही जुने डबे एकदम कमी लोडवर चालू होऊन लगेच बंद पडतात, त्यांना लालवर थोडा लोड द्यावा लागतो, आम्ही एक जुनी हार्डडिस्क लावून ठेवलीये, ती नुसती फिरत असते बिचारी.

रामबागवाला
लष्करकर दादा आयडिया भारी आहे पण पंख्याचा आवाज आणि परत प्लग. दिवाळीला करीन, गच्चीसाठी.

दांडियाबाजार
बडोद्याहून. आजच्या काळात कोण एकेक एलईडी सोल्डर करतं? डब्ल्यूएस२८१२ ची पट्टी घ्या, प्रत्येक एलईडीच्या पोटात चिप असते, तीन वायरी, एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) कॉम्प्युटरला लावा आणि प्रत्येक दिवा पाहिजे त्या रंगाचा. आरतीच्या तालावर पण नाचवता येतात. नवरात्रात आम्ही गरब्याच्या मांडवाला केलं होतं.

जुना_सोल्डर
आणि करंट?

दांडियाबाजार
हो ते आहे. फुल पांढरा केला तर एकेक ६० मिलीअँप खातो, ४८ चे जवळजवळ ३ अँपियर. यूएसबीवर नाही चालणार. पण आर्डुइनोच्या फास्टएलईडी लायब्ररीत एक ओळ लिहायची, ५ व्होल्ट ४०० मिलीअँप, की ती स्वतःच उजेड कमी करून त्या मर्यादेत ठेवते. सुरुवातीच्या डेटा वायरीत ३३० ओहम घाला, नाहीतर कधी कधी पहिलाच दिवा मरतो.

मालवणकाठी
महालक्ष्म्यांसमोर नाचणारे दिवे नकोत बाई. मुखवटे स्थिर, समई स्थिर, आणि मागे डिस्को.

टोमणेपंडित
ताईंशी सहमत. हे वाक्य मी वर्षातून एकदाच लिहितो.

रामबागवाला
आवाहन झालं, पावलं काढून झाली, आई झोपली, आता लिहितोय. रात्री एकपर्यंत बसून सगळी माळ परत सोल्डर केली. रेझिस्टर आणायला आणि दोन लाल आणायला त्याच दुकानात जावं लागलं. त्याने काही न विचारता रेझिस्टर मोजून दिले आणि मग म्हणाला, "३३० और १८०? अब किसी ने ढंग से समझाया है." काका, पावती तुमच्या नावाची.

चारही रंग पेटले!! रेझिस्टर गार. पण (पण आहेच) माळ मखराला पूर्ण वळसा घालते, ६ मीटर, आणि शेवटाकडचे निळे-हिरवे मंद आहेत. पहिला निळा आणि शेवटचा निळा शेजारी धरले तर शेवटचा आजारी वाटतो. लाल मात्र सगळीकडे जवळपास सारखे. एलईडी बदलून पाहिले, जागा बदलली की तोच निळा झकास पेटतो.

जुना_सोल्डर
वायर कोणती घेतलीस?

रामबागवाला
जुन्या रिबन केबलची एकेक तार, पातळ, मखरात दिसत नाही म्हणून.

जुना_सोल्डर
तिथेच गळतंय. तशा तारेला मीटरमागे साधारण ०.२ ओहम असतात. ६ मीटर जायला, ६ यायला, १२ मीटरचे अडीच ओहम झाले. करंट वाटेत थोडा थोडा उतरत जातो म्हणून पूर्ण नाही, अर्धा धर, तरी शेवटाला अर्ध्या व्होल्टच्या वर घट. आता बघ, लालच्या रेझिस्टरवर ३ व्होल्ट होते, त्यातला अर्धा व्होल्ट गेला तर त्याला फारसं कळत नाही. निळ्याकडे होतेच १.८, त्यातला अर्धा व्होल्ट गेला म्हणजे पगारातून भाडं कापल्यासारखं. म्हणून आजारी निळेच दिसतात.

माळेचं शेवटचं टोक कुठे येतं?

रामबागवाला
वळसा घालून परत टेबलापाशीच, पहिल्या एलईडीपासून वीतभर.

जुना_सोल्डर
मग काम वीतभर वायरचं. शेवटची प्लस सुरुवातीच्या प्लसला जोड, मायनस मायनसला. माळेची बांगडी झाली. करंट दोन्ही बाजूंनी येईल, सगळ्यात लांबचा दिवा आता मधला, आणि घट पहिल्याच्या पावपट. जोडताना प्लस-मायनस दोनदा बघ, चुकून उलटं झालं तर परत पॉलिफ्यूजला त्रास.

लष्करकर
वा काका. मी असतो तर जाड वायर घे म्हणलो असतो.

जुना_सोल्डर
तेही चालतं. पुढच्या वेळी जुनी लॅन केबल सोल, आतल्या चार तारा एकत्र पिळून प्लस, चार मायनस. पण उद्या ज्येष्ठा नक्षत्राला पूजन आहे, पोराला झोपू दे.

रामबागवाला
बांगडी केली. फरक समोर दिसतो, शेवटचा निळा पहिल्यासारखाच. बहिणीला न सांगता विचारलं की मंद कुठले, तिला सापडले नाहीत.

एक भुताटकी मात्र उरली. रात्री कॉम्प्युटर शटडाउन केला, पंखे बंद, स्क्रीन काळा, आणि माळ चालूच! आजी म्हणाली राहू दे, देवीला अंधार नको. पण कळत नाही की बंद कॉम्प्युटर लाईट कसा देतोय.

लष्करकर
बंद कुठे असतो तो दादा, झोपलेला असतो. एसएमपीएसमध्ये एक जांभळी वायर असते, ५ व्होल्ट स्टँडबाय, भिंतीचा स्विच चालू आहे तोवर ती जिवंत. त्यावरच बटण दाबल्याचं कॉम्प्युटरला कळतं. पुष्कळ बोर्ड यूएसबीला पण तीच देतात. बंद करायची असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानात) ईआरपी नावाचं सेटिंग मिळेल, ते चालू केलं की शटडाउननंतर यूएसबीचा करंट कापला जातो. पण जांभळीवर जुन्या डब्यात २ अँपियरच असतात, तुझी माळ अर्धाच अँपियर खाते, चालू दे.

टोमणेपंडित
म्हणजे कॉम्प्युटर न लावता कॉम्प्युटरवर चालणारी माळ. रेकॉर्डिंगची आरती मात्र नाही वाजणार तेवढ्यात.

रामबागवाला
आरती तोंडाने म्हणलो आम्ही, पंडितजी. कॉम्प्युटर बंदच ठेवला, टेबलावर पुरणपोळ्यांची ताटं होती.

शेवटची बातमी. रात्री पूजा झाली, सवाष्णी जेवून गेल्या, मी भिंतीला टेकून बसलो होतो तर आजी मखरासमोर बोट फिरवत काहीतरी पुटपुटतेय. वाटलं स्तोत्र म्हणतेय. मग वळून म्हणाली, "सत्तेचाळीस आहेत." मी म्हणलं नाही गं ४८ आहेत, मीच लावलेत. तिने परत मोजले. ४७. मग मी मोजले. धाकट्या महालक्ष्मीच्या मागे, कागदी कमळात दडलेला एक निळा बंद. ओढून बघितलं तर मी तो उलटा सोल्डर केला होता, लांब पाय मायनसला. कापताना दोन्ही पाय सारखे करून बसलो होतो, मग एलईडीच्या कडेचा तो सपाट भाग चाचपून मायनस शोधला, रात्री साडेअकराला सोल्डर गन तापवली आणि उलटवून लावला. पेटला.

आजीने पुन्हा पहिल्यापासून मोजले.

मालवणकाठी
किती आले?

रामबागवाला
४८ :)